एका पत्रात एक पायरी

नंदाखाल
१५ जानेवारी १९९८

ती. बाबा,

माझे अक्षर ओळखून तुम्ही हे पाकीट न फोडता ठेवून द्याल, अशी भीती होती. म्हणून पाठीमागे ठळक अक्षरांत ‘इंजिन तापते’ असे लिहिले. फोडले असेल, तर ते त्या दोन शब्दांसाठी, हे मी जाणते.

व्हिन्सेंटशी लग्न झाल्यापासून, म्हणजे सात वर्षांत, मी तुम्हाला काही विचारलेले नाही. आताही घरगुती काही विचारत नाही. प्रश्न जीपचा आहे. व्हिन्सेंटच्या वडिलांनी ती लष्करी लिलावात घेतली होती: १९६८ची, पेट्रोलची, चारही चाकांना जोर देणारी. तुमच्या मोटार-दुरुस्तीच्या संस्थेत वर्गात उभी असायची तशीच. इतकी वर्षे वाडीतली केळी आणि भाजी तिने वाहिली, कधी तक्रार नाही. आता तासभर चालली की सुई चढते आणि पुढून वाफ येते.

एरवी आम्ही थांबलो असतो, पण सासूबाईंना, क्लाराआईंना, दर मंगळवारी परळच्या इस्पितळात औषधाची बाटली चढवायला न्यावे लागते. दहाच्या आत नोंद झाली नाही, तर तो आठवडा गेला. डॉक्टर म्हणतात, एकही आठवडा जाऊन चालणार नाही. त्यांना बसवत नाही, त्यामुळे दुसरे वाहन सोयीचे नाही. गाडी मीच चालवते. आगाशीच्या ॲन्सेल्म मेकॅनिकने पाहिले. तुमचाच विद्यार्थी, पण त्यालाही दोष सापडत नाही.

काय करावे?

संजना


मनवेलपाडा, विरार पूर्व
१९ जानेवारी १९९८

संजना,

पत्र मिळाले. यंत्राविषयी विचारणाऱ्या माणसाला मी एकतीस वर्षांच्या नोकरीत कधी परत पाठवले नाही आणि निवृत्तीनंतर तो नियम बदललेला नाही. हे उत्तर तेवढ्यापुरतेच समजावे.

इंजिन तापणे हा रोग नव्हे, ते लक्षण आहे. पेट्रोल जळून जी उष्णता निर्माण होते तिचा ढोबळमानाने एक तृतीयांश भाग चाके फिरवतो, एक तृतीयांश धुराबरोबर निघून जातो आणि उरलेला तिसरा भाग पाण्याने उचलून रेडिएटरपर्यंत न्यायचा व तेथे वाऱ्याच्या स्वाधीन करायचा असतो. ही एक अखंड वाहतूक आहे. तिच्यात कोठेतरी खोळंबा झाला की उष्णता मागे साठते. आपल्याला केवळ खोळंब्याची जागा शोधायची आहे, आणि ती शोधण्याइतकी आनंदाची गोष्ट या व्यवसायात दुसरी नाही.

पायऱ्या सहा. पहिली पाणी, गळती आणि झाकण. दुसरी पंखा व त्याचा पट्टा. तिसरी थर्मोस्टॅट. चौथी रेडिएटर. पाचवी ठिणगीची वेळ. सहावी हेडखालचे गॅस्केट. सोप्याकडून अवघडाकडे जायचे, आणि एक पायरी पुरी झाल्याखेरीज दुसरीवर पाय ठेवायचा नाही. म्हणून एका पत्रात एकच पायरी सांगेन. तुझी सवय मला ठाऊक आहे. पहिला धडा समोर उघडा आणि तू शेवटच्या पानावर.

पहिली पायरी. इंजिन पूर्ण थंड असताना झाकण काढ. पाणी नळीच्या तोंडाखाली किती आहे ते मोज. गाडीखाली रात्रभर कोरा कागद पसर, सकाळी ओल पाहा. झाकणाचे रबर आणि स्प्रिंग तपास. झाकणाचे काम केवळ झाकण्याचे नसते. ते पाण्यावर दाब ठेवते आणि दाबाखाली पाणी उशिरा उकळते. झाकण निकामी असेल तर पाणी २१२ अंश फॅरनहाइटलाच उकळेल.

शिवाय एक वही कर. वेळ, मैलाचा दगड, वेग आणि तापमानाची सुई, अशी चार घरे. दर मंगळवारी भरत जा.

बळीराम राऊत


नंदाखाल
२९ जानेवारी १९९८

ती. बाबा,

तुम्ही पूर्ण नाव घालून सही केलीत. माझ्या प्रगतिपुस्तकावरही तशीच करायचात.

पाणी तोंडाखाली दोन बोटे. कागद कोरडा. झाकणाचे रबर कुजून भुगा झाले आहे आणि स्प्रिंग मेलेली. तशा खोलीचे झाकण विरारला मिळाले नाही. मागवले आहे, येईल तेव्हा येईल. ॲन्सेल्म विचारत होता, “सर अजून तेवढेच लांब प्रश्न विचारतात का?” मी म्हटले, तू तेव्हा छत्तीस टक्क्यांवर सुटलास, आता काय घाबरतोस.

वही सुरू केली. मंगळवार, २७ जानेवारी:
६.१५, वाडी, ताशी १५, सुई खाली.
६.३५, जीवदानीचा डोंगर, ताशी ३०, सुई १५०.
६.५०, गुलाबी इमारत, गच्चीवर दोन टाक्या, ताशी ३०, सुई १७०.
७.१५, विजेचे मनोरे, ताशी ३०, सुई १९५.
७.३०, पुलाचे लोखंड दिसू लागले. वाफ. सुई २२२. चाळीस मिनिटे उभे.
येताना पुन्हा वाफ. पंचवीस मिनिटे.

थांबलो की क्लाराआई डब्यातले पाणी घेऊन पुढे होतात. झाकण गरम असते म्हणून फडके धरून ‘जरा दम घे गो’ असे जीपलाच म्हणतात.

पुढची पायरी सांगा.

संजना


मनवेलपाडा
२ फेब्रुवारी १९९८

चि. संजना,

नोंद सुरेख आहे, मात्र एक दोष आहे. मी मैलाचे दगड मागितले होते. डोंगर, मनोरे आणि टाक्या दोन-दोन मैलांवरून दिसतात, त्यांच्यावरून अंतर ठरत नाही. दगड रस्त्याच्या कडेला असतो, मान किंचित वळवली की दिसतो. आणखी एक. दुखणाईत बाई डबा घेऊन पुढे होते आणि तू बसून राहतेस, हे बरे दिसत नाही.

दुसरी पायरी, वारा. पंख्याचा पट्टा दोन चाकांच्या मधोमध अंगठ्याने दाब. अर्धा इंच दबला तर ठीक. अधिक दबत असेल तर तो घसरतो आहे, आणि पंखा फिरत असल्याचा देखावा करतो. आता यातली गंमत पाहा. गाडी उभी असताना किंवा अगदी रांगताना तापत असेल तर दोष वाऱ्याचा, कारण तेव्हा वारा केवळ पंखाच देतो. वाटेत, चालत्या गाडीत तापत असेल तर दोष पाण्याचा, कारण वारा तर समोरून आपणहून येतो आहे. म्हणून घरी अंगणात इंजिन अर्धा तास चालू ठेव आणि सुई पाहा. इतक्या साध्या प्रयोगाने अर्धे जग वगळले जाते.

मोकळ्या महामार्गावर ताशी तीस का? मी तुला असे चालवायला शिकवले नव्हते.

बळीराम


नंदाखाल
१२ फेब्रुवारी १९९८

ती. बाबा,

पट्टा अर्धा इंच, मोजपट्टीने. अंगणात पस्तीस मिनिटे चालू ठेवली, सुई १८० वर बसून राहिली. म्हणजे दोष वाऱ्याचा नाही. अर्धे जग वगळले.

ताशी तीस यासाठी, की दुखणे मणक्यात उतरले आहे. खड्डा आला की पाठीतून वीज जाते आणि ती गेल्यावरही तिची जागा जळत राहते. त्यापेक्षा उशीर परवडतो. असे त्या सांगतात.

मंगळवार, १० फेब्रुवारीला पुलाअलीकडेच वाफ. जाताना व येताना मिळून पन्नास मिनिटे. परळला दहाला दहा कमी असताना पोचलो. नोंदणीच्या खिडकीवरचा माणूस म्हणाला, “दर वेळी तुमचंच इंजिन कसं काय तापतं?” व्हिन्सेंट त्याला म्हणाला, “आमच्या सासऱ्यांना विचारा, त्यांचं चाललंय.”

तुमच्या पत्राची वाट पाहण्यात आठवड्याचे मधले दिवस बरे जातात. तिसरी पायरी सांगा. घाई नाही.

संजना


मनवेलपाडा
१६ फेब्रुवारी १९९८

चि. संजना,

तिसरी पायरी माझी सर्वांत लाडकी आहे. हे तुला आठवत असेल, कारण तुझी आई गेल्यानंतरच्या उन्हाळ्यात तू रोज माझ्या वर्गात येऊन बसायचीस आणि हा प्रयोग पुन्हा पुन्हा करायला लावायचीस.

थर्मोस्टॅट म्हणजे पाण्याच्या वाटेवरचा दरवाजा. त्याच्या पोटात मेण असते. इंजिन थंड असताना दरवाजा बंद, म्हणजे ते लवकर ऊब धरते. ठरावीक उष्णतेला मेण फुगते आणि दरवाजा उघडतो. कोणी पहारेकरी नाही, विजेची तार नाही, केवळ मेणाचा स्वभाव. तो बाहेर काढ, पातेल्यात दोरीने अधांतरी टांग, पाणी तापव, शेजारी तापमापक धर. १६० ते १८० च्या दरम्यान उघडला तर तो निर्दोष.

चूल पेटलीच आहे, तर सुईचीही परीक्षा घे. तिची इंजिनातली कळ काढून उकळत्या पाण्यात बुडव. सुई २१२ दाखवते का पाहा. वैद्याने आधी आपला तापमापक तपासावा.

क्लाराबाईंसाठी एक सूचना. मागच्या चाकांच्या वर बसणाऱ्याला खड्ड्याचा पुरा तडाखा बसतो. पुढच्या व मागच्या चाकांच्या बरोबर मध्ये तो सर्वांत कमी असतो, झोपाळ्याच्या मध्यावर असतो तसा. चालकाच्या डावीकडचे आसन चार बोल्ट काढून उतरव आणि तेथून मागेपर्यंत गादी घाल. डोके पुढे ठेवावे. त्यांना माझा नमस्कार सांग. खरे तर हे मी आधीच विचारायला हवे होते.

बाबा


नंदाखाल
२६ फेब्रुवारी १९९८

ती. बाबा,

गादी घातली. धक्का निम्म्याहून कमी झाला. पहिल्यांदाच पूल येईपर्यंत डोळा लागला, त्यामुळे मधली एक नोंद राहिली, ती क्षमा करावी.

थर्मोस्टॅट १६५ ला उघडला. ॲन्सेल्मने पातेले धरले, क्लाराआई म्हणाल्या, “रश्शात कोळंबी टाकायची ती लोखंड टाकता?” सुईची कळ उकळत्या पाण्यात घातली. व्हिन्सेंट चालकाच्या जागेवर बसून बघत होता. बरोबर २१२. सुई निर्दोष.

थर्मोस्टॅटवर मात्र पांढरा जाड थर होता. नखाने निघाला. लिंबू पिळले तर फसफसला, आणि धुऊन उरले ते जिभेला खारट. आमची विहीर तीन वर्षांपासून मचूळ झाली आहे. आसपासच्या विहिरींवर टँकर लागतात, गोडे पाणी विरार पूर्वेच्या इमारतींना जाते, आणि खालून खाडी वर येते. आमच्या केळीची पाने कडेने जळतात. रेडिएटरमध्ये तेच पाणी घालतो, दुसरे कुठून आणायचे?

२४ फेब्रुवारी: ६.५० गुलाबी इमारत, सुई १८५. वाफ निघाली तेव्हा कारखान्याची चिमणी, सुई २२४. एकूण एक तास पाच मिनिटे उभे.

हात दुखतो म्हणून अक्षर असे आले आहे. अजून तीन पायऱ्या आहेत ना?

संजना


मनवेलपाडा
४ मार्च १९९८

चि. संजना,

चौथी पायरी, रेडिएटर. खारे पाणी उकळते, वाफ जाते, क्षार राहतात. तेच पाणी तू पुन्हा भरतेस, क्षारांचा आणखी एक थर बसतो. रेडिएटरच्या नळ्या गव्हाच्या काडीएवढ्या असतात, त्या बुजल्या आहेत. इंजिन गरम असताना त्याच्या जाळीवर तळवा फिरवला की जेथे गार लागेल तेथे पाणी पोचत नाही, असे समजावे. उपाय: रेडिएटर उतरवून, वरखालची टोपणे काढून, नळ्यांतून सळ्या घालून साफ करणे, इंजिनच्या पोटातून उलट दिशेने पाणी सोडणे, आणि यापुढे गोडे पाणी. ज्या पाण्यावाचून तुमची विहीर खारट झाली ते माझ्या इमारतीच्या टाकीत येते. मी रोज त्याने अंघोळ करतो. हे मला तुझे पत्र येईपर्यंत जाणवले नव्हते.

निदान येथे संपले. पाचव्या-सहाव्या पायरीची गरज नाही.

परंतु तुझ्या नोंदींत एक विसंगती उरली होती आणि ती मला सोडवेना. झाकण निकामी, म्हणजे पाणी २१२ लाच उकळणार. व्हिन्सेंटने चालकाच्या जागेवरून पाहिले तेव्हा सुईही २१२ च दाखवत होती. तरीही वाटेत वाफ निघताना तू दर वेळी दहा-बारा अंश जास्त लिहितेस. यंत्र खोटे बोलत नसेल तर पाहणारा डोळा कोठे आहे, ते पाहावे लागते. या जीपमध्ये तबकडी मधोमध आहे आणि सुई तबकडीपासून जरा पुढे असते. उजवीकडून पाहणाऱ्याला ती फार तर किंचित मागे दिसेल. ती पुढे गेलेली दिसते केवळ डावीकडून पाहणाऱ्याला.

मग मी तुझ्या पत्रांत उतरवलेल्या वहीच्या नोंदी पुन्हा वाचल्या. डोंगर. मनोरे. पुलाचे लोखंड. चिमणी. गच्चीवरच्या टाक्या. दोनदा सांगूनही एकही मैलाचा दगड नाही. दगड बसलेल्या माणसाला दिसतो. झोपलेल्याला फक्त उंच ते दिसते.

गादी डावीकडे घालायला मी सांगितले आणि तुला झोप लागली.

गुलाबी इमारत माझी आहे. सहा महिन्यांपूर्वी रंगवली. दर मंगळवारी सकाळी सहा पन्नासला तू तिच्याखालून जातेस आणि मी त्या वेळी वर दाढी करत असतो.

या पुढच्या मंगळवारी, दहा तारखेला, पावणेसातला मी रस्त्यावर उभा राहीन. थांबायचे की पुढे जायचे, ते तू ठरव. थांबलात तर गाडी मी चालवीन. तुला ठाऊक आहे, मी खड्डे चुकवण्यात वाईट नाही.

बाबा


नंदाखाल
६ मे १९९८

आदरणीय सर,

तुम्हाला काय म्हणावे हे अजून ठरत नाही, म्हणून सर लिहितो. सोळा एप्रिलला तिला माती दिल्यानंतर तुम्ही आमच्या ओट्यावर बसलात, आईने दिलेला चहा घेतलात आणि निघालात. तीन आठवडे गेले. तिची वही तुमच्याकडे असावी असे वाटले, म्हणून सोबत पाठवतो.

त्या दहा मार्चच्या सकाळी तुम्ही रस्त्याच्या कडेला इस्त्रीचा शर्ट घालून, हातात पाण्याचे दोन डबे घेऊन उभे होतात. मला वाटले होते, ती रडेल. ती म्हणाली, “थांबव. आणि उतर, तू मागे बस.” तुम्ही चालकाच्या जागेवर बसलात, आरसा नीट केलात आणि विचारलेत, “पट्ट्याचा आवाज येतो का?” मग दोघेही परळपर्यंत पट्ट्यावर बोलत राहिलात. मी मागे आईजवळ बसून ऐकत होतो. आई मला हळूच म्हणाली, “ही बापलेक कधी बोलतील रे?” मी म्हटले, बोलतायत की.

त्याच आठवड्यात रेडिएटर साफ झाला. त्यानंतरचे चार मंगळवार गाडी एकदाही तापली नाही. सात एप्रिलला पुलावर ती म्हणाली होती, “१८०. उजवीकडून पाहा बाबा, १८० आहे.” पुढच्या मंगळवारी डॉक्टरांनी आणू नका म्हणून सांगितले.

आता एक गोष्ट सांगायची आहे. ती सांगू नकोस, असे ती म्हणाली होती, पण मला एकट्याने बाळगवत नाही.

ॲन्सेल्मला दोष सापडला नाही, हे खोटे होते. जानेवारीत पहिल्याच दिवशी त्याने रेडिएटरचे पाणी बोटावर घेऊन चाखले आणि म्हणाला, “खारं पानी. बुजलाय. उतरवतो, परवा देतो.” ती म्हणाली, राहू दे, मी बाबांना विचारते. तुमचे पहिले पत्र आले तेव्हा तिने ते उशीखाली ठेवले आणि मला हिशेब सांगितला: “सहा पायऱ्या आहेत. एका पत्रात एक. म्हणजे सहा पत्रं येतील.” मी चिडलो. म्हटले, आज पुलापाशी थांबलो, उद्या दहाच्या आत पोचलो नाही तर? ती म्हणाली, “त्यांना कळलं की मी आजारी आहे तर ते लगेच येतील, व्हिन्सेंट. पण ते आजारीणीकडे येतील. मला आधी ते माझ्याशी बोललेले हवेत.”

आई दुखणाईत असल्याचे लिहिले, त्यावरून आई हसली होती. म्हणाली, माझ्या नावावर खपव, मला काय होतंय.

तुम्ही गाडी चालवलीत त्या पाचही मंगळवारी ती तुम्हाला जे प्रश्न विचारत होती, ठिणगी केव्हा पडावी, गॅस्केट फुटले तर पाण्यात बुडबुडे का येतात, ते सगळे तिला येत होते. मला तिने लग्नाच्या पहिल्या वर्षीच शिकवले होते.

माझा प्रश्न असा. मी तिचे ऐकले नसते आणि जानेवारीतच रेडिएटर उतरवला असता, तर ती आणखी काही दिवस राहिली असती का? तुम्ही यंत्रातले जाणता, खरे तेच सांगाल.

जीप विकावी की ठेवावी, तेही सांगा.

तुमचा,
व्हिन्सेंट


मनवेलपाडा
१२ मे १९९८

चि. व्हिन्सेंट,

बाबा म्हणावे. उशीर झाला आहे, पण म्हणावे.

तुमच्या प्रश्नाचे उत्तर अंदाजाने देणे मला योग्य वाटले नाही, म्हणून तीन दिवस वही समोर ठेवून बसलो. सत्तावीस जानेवारीपासून सात एप्रिलपर्यंत अकरा मंगळवार. अकराही वेळा तुम्ही दहाच्या आत पोचलात. एकही बाटली चुकली नाही. परळच्या डॉक्टरांनाही मी जाऊन विचारून आलो. त्यांनी तिचे कागद पुन्हा पाहिले आणि सांगितले की औषध वेळेवर गेले, दुखण्याने त्याला जुमानले नाही. तेव्हा उत्तर ‘नाही’ असे आहे. रेडिएटरने तिचा एक दिवसही घेतला नाही. तुम्ही तिचे ऐकलेत यात तुमचा दोष नाही. हे मी तुमचे सांत्वन करण्यासाठी लिहीत नाही, तपासून लिहितो आहे.

जीप विकावी. ती चांगल्या स्थितीत आहे आणि चालणारी गाडी उभी करून ठेवली की तिची रबरे सुकतात. घेणाऱ्याला पाण्याविषयी मात्र बजावून सांगा. लागल्यास मी येऊन सांगेन. क्लाराबाईंना भेटायलाही यायचे आहे. त्या दिवशी चहा घेतला आणि कप तसाच ओट्यावर ठेवून निघालो, ते माझ्या मनाला लागून राहिले आहे.

त्या पाच मंगळवारांविषयी. ती इतके अचूक प्रश्न विचारत होती की मला मनापासून आनंद होत होता. परळहून परतताना मी रस्त्यात पुढच्या मंगळवारी काय सांगायचे याची मनात जुळणी करायचो. दुखते का, असे मी तिला एकदाही विचारले नाही. मला वाटत होते, आधी गाडीचे संपवू, मग त्या सात वर्षांचे बोलू. एका वेळी एक. तुम्ही लिहिता की तिला सगळे येत होते. मग ती माझे बोलणे चालू राहावे म्हणून विचारत होती, आणि मी ते विषयात रस आहे असे समजलो. एकतीस वर्षे विद्यार्थ्यांच्या चेहऱ्याकडे पाहून शिकवले. त्या वेळी मी रस्त्याकडे पाहत होतो.

वहीत मी आणखी एक बेरीज केली, जी तुम्ही विचारली नव्हती. मी गाडी चालवू लागण्याआधीच्या सहा मंगळवारी वाफ निवेपर्यंत जेवढा वेळ जीप उभी राहिली, तेवढा वेळ तिने प्रत्येक थांब्यापुढे लिहून ठेवला आहे. एकूण पाच तास पस्तीस मिनिटे. तेवढा वेळ ती महामार्गाच्या कडेला, शेजारून मालमोटारी जात असताना, मणक्यातले ते दुखणे घेऊन पडून होती. त्यात माझी चार पत्रे आली. म्हणजे एका पत्रासाठी जवळजवळ एक तास चोवीस मिनिटे. तिने सहा धरली होती. मला उत्तर आधी सापडले आणि मी चौथ्यावर थांबलो, आणि ते बरे केले की वाईट, हे मला कोणत्याही रीतीने ठरवता येत नाही.

सात वर्षांत मी तिला पत्र लिहिले नाही. पोस्टाची पेटी माझ्या जिन्यापासून चार मिनिटांवर आहे. काल घड्याळ लावून चालत जाऊन पाहिले.

बाबा